काळी दोनचा षड्ज

“पेटी उतरली,” मुकुंदराव पोतनीस म्हणाले, आणि पेटीने भर सभेत आपला अपमान केला असावा अशा नजरेने तिच्याकडे पाहत राहिले.

मी स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे होते. पलीकडे मुकुंदराव कानांना हेडफोन लावून, डाव्या हाताने भाता हलवत, उजव्या हाताचे बोट काळी दोनच्या पट्टीवर रोवून बसले होते. कानात त्यांच्या गुरूंचा, अनंतबुवा बामणीकरांचा, ध्वनिमुद्रित षड्ज होता, बोटाखाली पेटीचा. सुटे सुटे ऐकले तर दोन्ही षड्ज निर्दोष होते. एकत्र ऐकले की ते बांधावरून भांडणाऱ्या भावकीसारखे वागत होते.

“उतरली नाही, मुकुंदराव,” मी माइकमधून म्हटले. “बुवांचा सूर खाली आहे आणि पेटीचा वर. पेटी उतरली असती तर उलट झालं असतं.”

“मग चढली असेल.”

“आपोआप?”

“हवेनं चढते कधी कधी. कोल्हापूरची हवा आता पूर्वीची राहिलेली नाही, विदुलाताई.”

“हवेनं चढली तर केसभर चढेल. हा फरक जवळपास दीड पट्टीचा आहे. बुवा काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध कुठेतरी आहेत. पेटीवर त्या जागेला पट्टीच नाही.”

मुकुंदरावांनी हेडफोन काढला, पुसला, पुन्हा लावला. फरक हेडफोनवरच्या धुळीमुळे पडला असावा, अशी त्यांना बहुधा आशा होती. बुवाच उतरले असतील, ही शक्यता त्यांच्या डोक्यात शिरणे शरीरशास्त्राच्या दृष्टीनेच अशक्य होते.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. मी एकोणतीस वर्षांची होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होते, ध्वनिशास्त्रावर प्रबंध लिहिला होता आणि राजारामपुरीच्या एका गल्लीत स्वतःचा स्टुडिओ थाटला होता. जग मोजता येते, यावर माझा विश्वास होता. आणि मोजायचे कुणी, याबद्दलही मला शंका नव्हती.

अनंतबुवा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. त्यांची एक ख्याती होती. तंबोरा लावताना ते पेटी, शिटी, यंत्र यांपैकी कशाचाही आधार घेत नसत. क्षणभर डोळे मिटत, मनातून काळी दोनचा षड्ज काढत आणि खुंटी पिळत. साठ वर्षे हे असे चालले होते. दर वर्षी गुरूंच्या पुण्यतिथीच्या उत्सवात ते श्रोत्यांसमोर चार तंबोरे लावत. त्या वीस मिनिटांत सभागृहात कुणी खोकतही नसे. तंबोरे लागले की मुकुंदराव पेटीची काळी दोन एकदाच दाबत, ती तंबोऱ्यांच्या नादात विरघळून जाई आणि लोक सुटकेचा श्वास टाकत. मुकुंदराव याला साधना म्हणत. मी याला दीर्घकालीन स्मृती म्हणत असे, आणि या दोहोंतला फरक समजावून सांगण्याची संधी सहसा सोडत नसे.

बुवांच्या मुलतानी रागाचे हे ध्वनिमुद्रण हुबळीतल्या एका स्टुडिओत झाले होते, कारण त्यांचा आवडता तबलजी तिकडचा. त्याच सुमारास मुकुंदरावांचे मनगट मोडून प्लास्टरमध्ये गेले होते. म्हणून पेटी मागाहून वाजवून जोडायची, असे ठरले. दरम्यान हुबळीच्या स्टुडिओचे मालक काम आवरून मुलीकडे परदेशी निघाले. जाण्यापूर्वी त्यांनी अकरा ट्रॅक एका हार्ड डिस्कवर भरून मला पाठवले: बुवांच्या आवाजाचे दोन, तबल्याचे तीन, तंबोऱ्यांचे चार आणि खोलीतल्या घुमाऱ्याचे दोन.

त्यांचे सॉफ्टवेअर एक होते, माझे दुसरे. ध्वनिमुद्रणाची सॉफ्टवेअरे एकमेकांचे काम उघडून दाखवत नाहीत. या बाबतीत ती गायकांच्या घराण्यांहून वेगळी नाहीत. अशा वेळी प्रत्येक ट्रॅक निव्वळ आकड्यांच्या रांगेच्या रूपात, सगळी नावे-खुणा झाडून बाहेर काढतात आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरतात. भरताना माझ्या सॉफ्टवेअरने एक चौकट दाखवून तीन-चार किरकोळ प्रश्न विचारले. त्यांची वाट लावून मी खऱ्या शास्त्रीय कामाकडे वळले. फाइलमधल्या एकूणएक आकड्यांवरून एक लांबलचक पडताळा-संख्या काढता येते. लाखो आकड्यांपैकी एक जरी बदलला, तरी ती संख्या बदलते. हुबळीहून निघालेल्या अकरा संख्या मालकांनी कागदावर लिहून दिल्या होत्या. माझ्याकडे पोहोचलेल्या अकरा संख्या मी त्यांच्याशी ताडून पाहिल्या. तंतोतंत जुळल्या. मी त्या कागदावर सही केली आणि तारीख घातली. सही कर, असे मला कुणीही सांगितले नव्हते.

म्हणून, मुकुंदराव पेटीकडे रागाने पाहत होते तेव्हा माझ्या मनात संशयितांची संख्या तीनवरून दोनवर आलेली होती.

“बाबालालना बोलावतो,” मुकुंदराव म्हणाले.

बाबालाल मुल्लाणी पेट्या दुरुस्त करत. तासाभरात ते स्कूटरवरून आले, चपला जिन्यात काढल्या, पेटीचे झाकण उचलले आणि आतल्या पितळी जिभांवर, ज्यांना पेटीवाले ‘सूर’ म्हणतात, कान लावून बसले. एकेक सूर वाजवला. सोबत आणलेल्या स्वतःच्या छोट्या पेटीशी ताडून पाहिला. मग झाकण लावले.

“पेटीला काय बी झालेलं न्हाई.”

“नीट बघा, बाबालाल,” मुकुंदराव म्हणाले.

“नीट बघायला ह्यो काय नवरदेव हाय? जर्मन सूर हायेत. माझ्या बानं बसवलेत. हललेले न्हाईत.”

“तरीसुद्धा बुवांच्या सुराशी जुळत नाही.”

“मग?”

“मग बुवांच्या सुराला पेटी लावून द्या.”

बाबालालनी आधी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मग हळूच पेटीवर हात ठेवला.

“सायेब, दीड पट्टी उतरवायची म्हंजे सत्तर-ऐंशी सूर बुडाशी घासायचे. एकदा घासलेलं पितळ परत चिकटत न्हाई. ही पेटी जल्मात दुसऱ्या कुणाच्या साथीला बसायची न्हाई.”

“मला दुसऱ्या कुणाची साथ करायचीच नाहीये.”

बाबालालनी निःश्वास टाकून पिशवीतून कानस काढली. पण लगेच कामाला लागले नाहीत.

“मॅडम, ते गाणं मला जरा ऐकवता का?”

मी ऐकवले. ते डोके खाली घालून ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “तबला कुणाचा? हुबळीकरांचा ना? तबलजी काय येडा हाय का, दीड पट्टी उतरवून वाजवायला? तबल्यावरची शाई अशी बोलत न्हाई. आन् तंबोऱ्याची तार बघा. ढिल्या तारेची जवारी अशी झणझणत न्हाई. तार ताणलेली हाय आन् आवाज खालचा हाय. ह्यात काय तरी गोम हाय.”

“बाबालालभाई,” मी समजुतीच्या स्वरात म्हटले, “असं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे.”

“व्हय. वाटतंय मात्र लई जोरात.”

इतक्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. बुवांना पाच वाजता बोलावलेले होते. ते पाचाला पाच कमी असताना आले. पांढरे धोतर, करडा कोट आणि चेहऱ्यावर पेढ्याचा पुडा उघडायला निघालेल्या माणसाची उत्सुकता. सहा महिन्यांपूर्वी गायलेले स्वतःचे गाणे ते प्रथमच ऐकणार होते.

“काय, बसली का पेटी?” त्यांनी विचारले. मग उघड्या पेटीकडे आणि कानशीकडे त्यांचे लक्ष गेले. “बाबालाल, कुणाचा गळा कापताय?”

मी त्यांना खुर्ची दिली आणि ट्रॅक सुरू केले.

बुवांनी दोन आवर्तने ऐकली. उत्सुकता चेहऱ्यावरून उतरायला तेवढी पुरली.

“आवाज इतका ढाला, जड का गं वाटतोय?”

“ते गांभीर्य आहे, बुवा,” मुकुंदराव भारावून म्हणाले. “मंद्रातला तो निषाद ऐकून माझ्या अंगावर काटा आला.”

“तुझ्या अंगावर काटा यायला निषाद लागत नाही. तू माझ्या खोकल्यालाही दाद देतोस. विदुला, तू सांग.”

मी सांगितले. आपला स्वतःचा आवाज आपल्याला कवटीच्या हाडांमधूनही ऐकू येतो. ध्वनिमुद्रणात तो भाग नसतो. म्हणून जगात कुणालाच आपला मुद्रित आवाज आपला वाटत नाही. हे सगळे खरे आहे. आजही खरे आहे. बुवांनी ते विद्यार्थ्यासारखे ऐकून घेतले.

“आणि लय? मी इतकी बसवून धरत नाही.”

“गाताना नाडी जलद चालते, बुवा. त्यामुळे लय आठवणीत असते त्यापेक्षा मुद्रणात संथ वाटते.”

हेही बऱ्यापैकी खरे आहे.

“बरं. मग ही कानस कशाला?”

मुकुंदराव खिडकीबाहेर पाहू लागले. बाबालालनी पिशवीत काहीतरी शोधायला घेतले. तेव्हा मीच सांगितले. पडद्यावर आलेख होता: तुमच्या काळी दोनची कंपनसंख्या सेकंदाला एकशे पंचावन्न आणि थोडी वर हवी, इथे ती एकशे त्रेचाळीस आहे. पेटी तपासली आहे, ती बरोबर आहे.

बुवा त्या आलेखाकडे पाहत होते. त्यातले त्यांना काही कळत नव्हते, हे उघड होते. आणि तरीही ते त्याच्याकडे निकालपत्राकडे पाहावे तसे पाहत होते.

“म्हणजे आरोपी तिघं,” ते म्हणाले. “पेटी, यंत्र आणि मी. पेटी सुटली. यंत्र?”

“यंत्र चुकलेलं नाही, बुवा.”

“कधीच चुकत नाही?”

“चुकतं. पण या वेळी मी तपासलंय. हुबळीहून निघालेला एकूणएक आकडा इथे जसाच्या तसा पोहोचलाय.” मी तो सही केलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला. अकरा ओळींतल्या त्या अगम्य अक्षर-आकड्यांखालची माझी सही त्यांनी वाचली आणि कागद सावकाश परत दिला.

“किती उतरलो म्हणालीस?”

“एक पूर्णांक सत्तेचाळीस शतांश पट्टी.”

“तेवढं नेमकं कशाला सांगतेस? दीड पुरे.”

इथे मला त्यांची दया आली, आणि दयेच्या भरात मी आणखी शास्त्र सांगितले. वय वाढले की काही लोकांना सूर असतो त्यापेक्षा चढा ऐकू येऊ लागतो. यावर संशोधन झालेले आहे. असा माणूस आपल्या कानाला बरोबर वाटेपर्यंत तार उतरवतो, आणि प्रत्यक्षात ती एक-दीड पट्टी खाली गेलेली असते. “त्यात तुमचा काही दोष नाही, बुवा,” मी म्हटले. “हा कानाचा भाग आहे.”

“कानच तर होता,” बुवा म्हणाले.

ते उठले. काठी घेतली. पेटीजवळ थांबून त्यांनी बाबालालच्या हातातली कानस काढून पिशवीत टाकली.

“पेटीला हात लावायचा नाही. ती खरी आहे. मुकुंद, हे गाणं बाहेर काढायचं नाही. आणि उत्सवाला तंबोरे तू लाव.”

“बुवा, मी? मला कुठं तसा...”

“यंत्र मिळतं ना बाजारात? त्यावर लाव. यंत्र तपासलेलं असलं म्हणजे झालं.”

जिना उतरताना मुकुंदरावांनी त्यांचा हात धरला होता. बुवांनी तो सोडवून घेतला नाही, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले. एरवी ते कुणाला हात धरू देत नसत.

बाबालाल मागे राहिले. चपला घालता घालता त्यांनी विचारले, “मॅडम, त्या कागदावर सही तुमचीच हाय नव्हं?”

“हो.”

“न्हाई, आमी सूर लावतो त्या पेटीवर सही करत न्हाई. करावी काय, म्हनून इचारलं.”

पुढच्या आठवड्यात मुकुंदरावांचे दोन फोन आले. पहिला फोन मला ‘तुमचं शास्त्र’ या दोन शब्दांपलीकडे नीटसा कळला नाही, कारण ते रडत होते. दुसऱ्यात मात्र ते सरकारी पत्रासारखे बोलले. बुवांनी शिकवण्या थांबवल्या होत्या. सकाळी आलेल्या दोन मुलींना त्यांनी दारातूनच परत पाठवले: “चुकीचा सूर शिकवण्यापेक्षा न शिकवलेला बरा.” तंबोऱ्यांवर गवसणी चढली होती. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध होणार नव्हते, पण घरात ठेवायला एक स्वच्छ प्रत मुकुंदरावांना हवी होती. “जसं आहे तसं,” ते म्हणाले. “उतरलेलं तर उतरलेलं. आमचे बुवा आहेत ते.”

उत्सवाच्या दिवशी सकाळी दहा वाजता मी ती प्रत तयार करायला बसले. काम क्षुल्लक होते. बहुतेक प्रत्येक ध्वनिमुद्रणात विजेच्या तारांची एक बारीक गुणगुण शिरलेली असते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलते आणि परत येते, म्हणून ती गुणगुण पन्नास हर्ट्झच्या जागी सापडते. तिथे गाळणी लावली की ती जाते. मी गाळणी लावली. गुणगुण गेली नाही. गाळणी अधिक कडक केली. गुणगुण तशीच. मग मी आलेख उघडला.

पन्नासवर काहीच नव्हते. गुणगुणीचे टोक पंचेचाळीस पूर्णांक नऊवर उभे होते.

आपल्या विजेबद्दल कुणी काहीही म्हणावे. ती जाते, येते, आली तरी मिणमिणते. पण ती सेहेचाळीस हर्ट्झने येत नाही. पन्नासची साडेअठ्ठेचाळीस झाली तरी नियंत्रण कक्षांत धावपळ सुरू होते. सेहेचाळीस झाली, तर अर्धा देश अंधारात गेलेला असतो. आणि अर्धा देश अंधारात असताना बुवा हुबळीत वातानुकूलित खोलीत निवांत मुलतानी गात होते, हे मलादेखील शास्त्रीय वाटेना.

म्हणजे, विजेचाही सूर उतरला होता. किती, हे मी काढले. एक पूर्णांक सत्तेचाळीस शतांश पट्टी. शहात्तर वर्षांचा गायक आणि दक्षिण भारताची वीज यांचे कान एकाच वेळी, एकाच प्रमाणात बिघडले होते.

उत्तर त्या चौकटीत होते. ध्वनी आकड्यांत साठवताना सेकंदाला काही हजार नमुने घेतात. चित्रपटांची कामे करणारे स्टुडिओ सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार घेतात, सीडीची कामे करणारे चव्वेचाळीस हजार शंभर. हुबळीवाले चित्रपटांची कामे करत. निव्वळ आकड्यांच्या रांगेत हा वेग कुठेच लिहिलेला नसतो. म्हणून माझ्या सॉफ्टवेअरने तो मला विचारला होता. उत्तराच्या जागी त्याने सवयीने चव्वेचाळीस हजार शंभर मांडून ठेवले होते, आणि मी सवयीने एंटर दाबले होते. एकूणएक आकडा खरोखरच जसाच्या तसा पोहोचला होता. मी फक्त तो सावकाश वाचून दाखवत होते.

मी अकरा ट्रॅक पुन्हा भरले. या वेळी चौकट वाचून. वीस मिनिटांचा ख्याल अठरा मिनिटे बावीस सेकंदांचा झाला. लय उठून बसली. आवाजाचा ढालेपणा गेला आणि त्याबरोबर मुकुंदरावांचे गांभीर्यही. तबल्याची शाई बोलू लागली. वीज पन्नासवर आली. बुवांचा षड्ज मोजला: पट्टीचे शंभर भाग केले, तर काळी दोनपासून तीन भागांचा फरक. तेवढा फरक पेटीतही असतो.

बुवांना आवाज जड वाटला होता आणि लय बसलेली. बाबालालना तार ताणलेली वाटली होती. त्या खोलीत ज्यांनी ज्यांनी कान वापरले, ते सगळे बरोबर होते. आणि प्रत्येकाला मी बरोबर शास्त्र सांगून चूक ठरवले होते.

उत्सव चार वाजता एका शाळेच्या सभागृहात होता. मी पोहोचले तेव्हा मुकुंदराव मंचावर एकटे होते. तंबोऱ्याला चिमट्यासारखा ट्यूनर लावलेला, त्याच्या चिमुकल्या पडद्यावरचा काटा हलत होता आणि मुकुंदराव घामाघूम होऊन काटा पाहत खुंटी पिळत होते. सभागृह मोकळेपणाने खोकत होते. गप्पा चालल्या होत्या. चहाचे पेले फिरत होते. बुवा तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मंचाकडे न पाहता बसले होते.

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

“बुवा, माझी चूक झाली.”

त्यांनी मान वळवली नाही. “किती?”

“दीड पट्टी.”

आता त्यांनी पाहिले. “म्हणजे यंत्र चुकलं?”

“यंत्र नाही. मी. त्यानं मला प्रश्न विचारला होता, मी न वाचता उत्तर दिलं. तुम्ही काळी दोनलाच गायला होता.”

“त्या कागदावर तू सही केली होतीस.”

“हो.”

“आणि आज? आज तू बरोबर कशावरून?”

“विजेवरून,” मी म्हटले आणि पन्नास व सेहेचाळीसची हकिकत सांगितली. ती त्यांना आलेखापेक्षा लवकर कळली.

“म्हणजे माझ्या षड्जाला जामीन कोण, तर विजेची तार.”

“हो.”

“चांगलं आहे. निदान ती माझी शिष्या नाही.” ते हसले असावेत असे वाटले, पण ते हसणे पुढे गेले नाही. “विदुला, नऊ दिवस झाले. पंखा फिरला तरी मी त्याची पट्टी शोधतोय. कुकरची शिटी झाली तरी मनात येतं, ही खरी, की मला ऐकू येते ती खरी? गाण्यातला सूर बरोबर होता म्हणतेस, मान्य. तो सहा महिन्यांपूर्वीचा. आजचा काय भरवसा?”

माझ्याकडे या प्रश्नावर कोणतेही संशोधन नव्हते.

“लावून बघा,” मी म्हटले.

“आणि नाही लागला तर? दोनशे माणसांपुढे?”

मी मंचावर गेले आणि मुकुंदरावांच्या तंबोऱ्याचा ट्यूनर काढून घेतला. ते प्रतिकार करणार होते. पण माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसले कोण जाणे, ते वळून बुवांकडे पाहू लागले. बुवा अजून खुर्चीतच होते. पहिल्या रांगेतून बाबालाल मोठ्यांदा म्हणाले, “बुवा, आता या वर. ह्ये पोतनीस सायेब खुंट्या मोडत्यात.”

लोक हसले. बुवा उठले.

तंबोरा जवळ घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. पुन्हा मिटले. सभागृहातला खोकला थांबला. खुंटी पिळली, तार छेडली, थांबले, ढिली केली, पुन्हा पिळली. पहिल्याच तारेला दहा मिनिटे गेली. मी इतक्या वर्षांत त्यांना एकदा लावलेली तार पुन्हा उतरवताना पाहिले नव्हते. दर वर्षी वीस मिनिटांत होणाऱ्या कामाला त्या दिवशी चाळीस लागली. मग चारही तंबोरे एकदम बोलू लागले, आणि मुकुंदरावांनी पेटीची काळी दोन दाबली.

ती ऐकूच आली नाही. तंबोऱ्यांच्या नादात पाण्यात पाणी मिसळावे तशी मिसळून गेली. “बसला!” बाबालाल ओरडले आणि दोनशे माणसांनी एकदम श्वास सोडला. मुकुंदराव उघड उघड डोळे पुसू लागले.

बुवा मात्र तंबोऱ्यांकडे पाहत नव्हते, पेटीकडे नाही आणि श्रोत्यांकडेही नाही. मंचाच्या कडेला, ट्यूनर हातात घेऊन मी उभी होते. ते माझ्याकडे पाहत होते.

“विदुला,” ते म्हणाले, “मोजलंस?”

सभागृह हसले. बुवांचा विनोद म्हणून काहींनी टाळ्याही वाजवल्या. ते हसत नव्हते. ट्यूनर माझ्या मुठीत बंद होता. मंचावरून काढून घेतल्यापासून मी तो सुरूच केलेला नव्हता.

“मोजलं, बुवा.”

“फरक किती?”

“शून्य.”

त्यांनी मान हलवली आणि मगच डोळे मिटले.

बुवा त्यानंतर चार वर्षे जगले. चारही उत्सवांत तंबोरे त्यांनीच लावले, आणि पहिल्या रांगेतली एक खुर्ची दर वेळी माझ्या नावाने राखून ठेवायला सांगितली. तंबोरे लागले की डोळे मिटण्यापूर्वी ते तिथे पाहत आणि मी मान हलवत असे. सभागृहाला तो माझा सन्मान वाटत असे.